चिंतामणीच्या मागचा लाल दिवा

मागचे दोन वीकांत इथे काहीच लिहिलं नाही. एक-दोघांनी मेल टाकून विचारलं, "काय रे, जिवंत आहेस ना?" आहे. एरवी अशा मेलला मी काहीतरी फाजील उत्तर पाठवतो, या वेळी मात्र "आहे" एवढंच लिहिलं आणि जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

तर झालं असं. दिवाळीला घरी गेलो होतो, यवतमाळला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. यवतमाळ पठारावर वसलेलं गाव. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला खरा, पण आमच्या घरात पुण्याची गाडी पकडायची म्हणजे धामणगाव, हे समीकरण मी शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. धामणगाव अमरावती जिल्ह्यात. तास-सव्वा तासाचा रस्ता. आणि या रस्त्यावर, यवतमाळ सोडलं की थोड्याच वेळात, करळगावचा घाट लागतो. ताम्हिणी आणि वरंध पाहिलेल्यांनी हसू नये, आमच्याकडे त्याला घाटच म्हणतात. पठारावरून खाली उतरायचं तर उतार हा आलाच.

मी दर वेळी परत निघालो की बाबा मला धामणगावला सोडायला येतात. "अरे एसटीने जातो ना मी" हे वाक्य मी गेली सात-आठ वर्षं म्हणतोय आणि ते गेली सात-आठ वर्षं न ऐकल्यासारखं करून गाडी बाहेर काढतायत. मला सोडायचं, गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, आणि मग एकट्याने परत यायचं.

गाडी आमची जुनी हॅचबॅक, २०११ ची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता. उलट तिने सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

या वेळी बाबा म्हणाले, "तू चालव. समोरच्यांचे लाईट आजकाल फार डोळ्यांवर येतात." हे वाक्य मी नुसतं ऐकून सोडून दिलं, त्यावर वेगळी पोस्ट होईल. असो. संध्याकाळची वेळ. कापसाचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर कापूस भरलेल्या गाड्या, दोन्ही बाजूंना फुगलेल्या, मागचं काही दिसू न देणाऱ्या. घाट सुरू झाला. मी चौथ्या गियरमध्ये, ताशी साठच्या आसपास. पुढे अशीच एक कापसाची गाडी अगदी हळू उतरत होती. मी ब्रेक दाबला.

आणि पाय खालीच गेला.

म्हणजे अगदी फ्लोअरला टेकला नाही, पण जिथे रोज ब्रेक लागतो ती जागा मागे पडली आणि पाय जातच राहिला. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडतो ना, तसं. मग कुठेतरी अगदी खाली थोडासा ब्रेक लागला. गाडी हळू झाली, पण पुरेशी नाही. कापसाचा ढीग मोठा मोठा होत चाललेला.

मी शूरवीर वगैरे नाही. पुढचं जे केलं ते मेंदूने केलं की पायांनी, मला अजून माहीत नाही. पॅडल सोडून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तिसरा गियर, मग दुसरा. इंजिन जोरात ओरडलं, गाडीला हिसका बसला. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा थोडा वर ओढला. आणि डावीकडे कच्च्यात उतरवली. खडी, धूळ, आणि मग एकदाची थांबली. कापसाची गाडी आपली शांतपणे पुढे निघून गेली. तिला काही कळलंही नसेल.

दोघंही काही बोललो नाही. बाबांचा हात डॅशबोर्डवर टेकलेला होता, तो तसाच होता.

हॅझर्ड लाईट लावले, खाली उतरून मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं. मी डिग्रीने मेकॅनिकल इंजिनिअर आहे. (हो. मेकॅनिकलची डिग्री आणि पोटासाठी जावा. आमच्या वर्गातले अर्धे तसेच.) त्यामुळे ब्रेक ऑइलची पांढरी डबी कुठे असते एवढं मला माहीत होतं. डबीवर मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा असतात. ऑइल मिनच्याही बरंच खाली होतं.

आता माझ्यातला इंजिनिअर उशिरा का होईना जागा झाला. लेव्हल इतकी खाली गेली तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागायला हवा. तो लागलेला मी पाहिला नव्हता. परत आत येऊन बसलो. किल्ली ऑन. बॅटरीचा दिवा लागला, ऑइलचा लागला, इंजिनचा लागला. ब्रेकचा नाही. हँडब्रेक तर वर ओढलेला! निदान त्याचा तरी दिवा लागायलाच हवा. बल्ब गेला की काय?

मग दिसलं. मीटरच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, कळंबच्या चिंतामणीचं एक छोटं गोल स्टिकर होतं. चार दिवस मी ती गाडी चालवत होतो, रोज ते स्टिकर बघत होतो. आणि आता, अंधार पडल्यावर, स्टिकरच्या कडेने बारीक लाल उजेड बाहेर येत होता. बाप्पाच्या मागे प्रभावळ असावी तसा.

मी नखाने स्टिकरची कड उचलली. मागे लाल दिवा. वर्तुळ, त्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस.

"तो सेन्सर खराब आहे," बाबा म्हणाले.

*

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पास्कलचा नियम मला पहिल्यांदा त्यांनीच शिकवला, तोही पुस्तकातून नाही. इंजेक्शनच्या दोन सिरिंज, एक बारीक, एक जाड, मध्ये सलाईनची नळी, आणि सगळं पाण्याने भरलेलं. बारीक सिरिंज मी दाबायची, जाड त्यांनी अंगठ्याने धरायची. माझ्या एका बोटाने त्यांचा अंगठा मागे सरकायचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, आणि जाड सिरिंजचं क्षेत्रफळ जास्त म्हणून तिथे जोरही जास्त. सातवी-आठवीतल्या मला ती जादूच वाटली होती.

गाडीचा ब्रेक म्हणजे हीच जादू. पायाखाली मास्टर सिलिंडर, म्हणजे बारीक सिरिंज. चारही चाकांपाशी जाड सिरिंजा. मध्ये नळ्या, आणि पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल. मोटारीत हे आणलं माल्कम लॉकहीडने, ज्याने भावाबरोबर विमानांची कंपनी काढली होती तोच. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्युझेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. शंभर वर्षं उलटली, तरी मूळ गोष्ट दोन सिरिंजांचीच आहे.

आणि दोन सिरिंजांच्या खेळात दोनच गोष्टी बिघडू शकतात. पाणी गळणं, नाहीतर आत हवा शिरणं. पाणी दाबलं तर आक्रसत नाही, हवा आक्रसते. नळीत हवेचा बुडबुडा असला की माझं बोट आत जायचं आणि बाबांचा अंगठा हलायचा नाही. "बघ, तुझी सगळी मेहनत बुडबुड्याने खाल्ली," असं ते म्हणायचे.

हे सगळं मला शिकवलेला माणूस माझ्या शेजारी बसून म्हणत होता, सेन्सर खराब आहे.

हळूहळू गोष्ट बाहेर आली. दिवा पहिल्यांदा उन्हाळ्यात लागला. कुण्या गॅरेजवाल्याने डबीत ऑइल टाकून दिलं, दिवा गेला. पावसाळ्यात परत लागला, तोही कधी वळणावर, कधी ब्रेक मारला की, आणि मग आपोआप विझायचा. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, "सेन्सर असेल, काही होत नाही." (आता कळतं की ऑइल मिनच्या रेघेपाशी आलं की ते डचमळतं, तरंगणारा फ्लोट वरखाली होतो आणि दिवा असाच लपंडाव खेळतो. वायरिंग खराब असल्यासारखा तो दिसतो, पण लेव्हल कमी झाल्याची ती पहिली खूण असते.) मग दिवा कायमचाच लागला. रात्री डोळ्यांवर यायचा. कळंबला दर्शनाला गेले होते, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात, येताना स्टिकर घेतलं होतंच. लावून टाकलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू.

बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तू दोन-चार दिवसांसाठी येतोस. त्यात तुला कुठे गॅरेजात फिरवू."

यावर मला काही बोलता आलं नाही.

*

एवढ्यात मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पन्नाशीचा माणूस, गळ्यात गमछा. "काय झालं भाऊ? गाडी काऊन थांबवली?"

सांगितलं. त्याने वाकून मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू मोबाईलच्या उजेडात बघितली, बोट फिरवून वास घेतला. "ब्रेक ऑइल गळून रायलं. आता हालवू नका गाडी."

"धामणगावला गाडी पकडायची होती. हळूहळू गेलो तर..."

"स्टेशन उद्याही तिथंच राहते जी."

या वाक्यावर मी मनातल्या मनात हात जोडले. आमच्या कंपनीत रिस्क मॅनेजमेंटचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, त्यात याच्या निम्मंही कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता तो स्वतःच्या ट्रकबद्दल बोलला. "आमच्या गाडीत हवेचा ब्रेक. हवा कमी झाली की आधी बझर बोंबलते. तरी नाही ऐकलं अन् हवा पूर्ण उतरली, तं ब्रेक आपोआप लागते. गाडी जागची हालत नाही." मोठ्या गाड्यांत मागच्या चाकांपाशी एक जबरदस्त स्प्रिंग असते. तिचं काम ब्रेक लावून ठेवणं, आणि हवेचं काम तिला दाबून ब्रेक सोडवणं. हवा गेली की स्प्रिंग जिंकते. रेल्वेतही हेच तत्त्व. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमारास अशी सोय केली की पाइपातली हवा निघून गेली तर ब्रेक लागावा. आपण साखळी ओढतो तेव्हा आपण हवाच सोडत असतो. बिघाड झाला तर थांबायचं, ही त्या यंत्राची वृत्तीच.

छोट्या गाडीत ही सोय नाही. तिथे द्रव गेला की ब्रेक जातो. म्हणून मग दुसरी सोय असते. मास्टर सिलिंडर आतून दोन भागांत असतो आणि ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. आमच्या गाडीत ते तिरपे आहेत, पुढचं उजवं चाक आणि मागचं डावं एकात, उरलेली दोन दुसऱ्यात. एक मार्ग रिकामा झाला तरी दुसरा शिल्लक राहतो. पाय खूप खाली जातो, थांबायला अंतर जास्त लागतं, पण ब्रेक पूर्ण जात नाही. त्या संध्याकाळी आमचे ब्रेक फेल झाले नव्हते, अर्धे झाले होते. कुठल्यातरी अनोळखी इंजिनिअरने कधीतरी "समजा हे तुटलं तर?" असा प्रश्न विचारला होता, त्याच्या उत्तरावर आम्ही दोघं कच्च्यात सुखरूप उभे होतो.

रात्री दहाच्या सुमारास क्रेन आली. गाडी सुटली. म्हणजे पुण्याची.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसला "फॅमिली इमर्जन्सी" असा मेल टाकला आणि सकाळी गॅरेजात जाऊन बसलो. आमचे जुने मिस्त्री. बाबांचे विद्यार्थी, त्यामुळे "सर" म्हणतात. (मग आधीच त्यांच्याकडे का नाही गेलात, हा प्रश्न मी गिळला. ते मधे बरेच दिवस आजारी होते, हे नंतर कळलं.)

मागचं डावं चाक काढलं, ड्रम ओढला. आतल्या लाइनरवर ऑइल चकाकत होतं. व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं, तिथून महिनोनमहिने थेंब थेंब गळत होतं. ड्रमच्या आत असल्यामुळे बाहेर जमिनीवर डाग पडत नव्हता. पुढचे पॅडही झिजून पत्र्याला टेकायच्या बेतात आलेले.

मिस्त्रींनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत बाबांकडे. "सर, दिवा कायले झाकला जी? सेन्सर खराब नव्हता. तोच तं एकटा चांगला होता."

ऑइल भरणं हा इलाज नाही, हे त्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंद डबीतलं ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. लेव्हल कमी होण्याची कारणं दोनच. एकतर पॅड झिजले, त्यामुळे पिस्टन पुढे सरकले आणि त्यांच्या मागे जास्त ऑइल गेलं. नाहीतर कुठेतरी गळतंय. नुसतं ऑइल भरायचं म्हणजे ताप आला की थर्मामीटर थंड पाण्यात बुडवायचा.

मागचे दोन्ही व्हील सिलिंडर बदलले, लाइनर बदलले, पुढचे पॅड बदलले, सगळं जुनं ऑइल काढलं. ते चहासारखं काळं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हा त्याचा स्वभाव. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल मुरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आता हा हिशोब बघा. हजार किलोची गाडी ताशी ६० वरून पूर्ण थांबवली की सुमारे १३९ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळतं. म्हणजे एकदा ब्रेक मारला की तीन-चार कप चहाचं आधण. आणि नुसत्या ब्रेकवर १०० मीटर उंचीचा घाट उतरलात तर तीन लिटर. ही सगळी उष्णता चाकापाशी. जुनं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ म्हणजे बुडबुडा, आणि बुडबुडा काय करतो ते वर आलंच आहे. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. म्हणूनच घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा. आजोबांच्या काळापासून ड्रायव्हर हे सांगत आलेत, त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

शेवटी एअर काढायची वेळ आली. एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल सैल करायचं. मिस्त्रींचा पोऱ्या आला नव्हता. बाबा म्हणाले, "मी दाबतो." मी खाली बसलो, मिस्त्री शेजारी. निपलला पारदर्शक नळी लावली, ती बाटलीत.

"दाबा सर. धरून ठेवा... सोडू नका... हां, सोडा."

नळीतून बुडबुडे बाहेर आले. परत. परत. मग हळूहळू नुसतं स्वच्छ पिवळसर ऑइल. वीस वर्षांपूर्वी मी दाबायचो आणि ते धरायचे. आज ते दाबत होते. दोघांपैकी कुणीच सिरिंजचा विषय काढला नाही, पण चौथ्या चाकाला बाबा आतून म्हणाले, "बुडबुडे संपले का रे?" आणि मला कळलं की त्यांनाही तेच आठवतंय.

बिल साडेसहा हजार झालं. उन्हाळ्यातच गेलो असतो तर एका रबर किटवर भागलं असतं.

*

आता थोडं कामाचं. परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी हे सांगतोय, मित्र टाळायला लागलेत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१) लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. उद्गारचिन्हाचा लाल दिवा दिसला की आधी हँडब्रेक बघा, बऱ्याचदा तोच अर्धवट राहिलेला असतो. तो पूर्ण खाली असूनही दिवा असेल तर बाजूला थांबून डबीतली लेव्हल बघा. कमी असेल, किंवा पॅडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. स्टेशन उद्याही तिथेच राहतं.

२) पिवळा एबीएसचा दिवा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा दिवा तुमच्या गाडीत बहुधा असेल. तो एकटाच लागला तर साधे ब्रेक चालू असतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. जपून चालवा आणि दाखवा. हा आणि लाल दिवा दोन्ही एकदम लागले तर प्रकरण गंभीर, थांबाच. आणि एक, चांगल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय उचलू नका, ते एबीएसचं काम चालू असतं.

३) पाय काय सांगतो ते ऐका. पॅडल स्पंजासारखं लागलं तर आत हवा. सिग्नलला पाय ठेवल्यावर पॅडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती, किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं. एकदम दगडासारखं कडक झालं तर बूस्टरची गडबड. थरथर जाणवली तर डिस्क. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली गेली तर एखादं चाक नीट काम करत नाहीये.

४) कान. किंचाळल्यासारखा बारीक आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, बऱ्याच गाड्यांत त्यासाठी मुद्दाम एक पत्री ठेवलेली असते. घासल्यासारखा खरखरीत आवाज म्हणजे पॅड संपले आणि आता डिस्क संपतेय.

५) चालत्या गाडीत ब्रेक गेलाच तर इंजिन बंद करू नका. बूस्टर जातो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली काढलीत तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पॅडल भराभर दाबत-सोडत राहा, एकेक करत खालच्या गियरमध्ये या, हँडब्रेक बटण धरून थोडा थोडा ओढा. झटक्यात ओढलात तर मागची चाकं घसरतील.

६) डबीत वाटेल ते ओतू नका. इंजिन ऑइल तर अजिबात नाही, त्याने आतली सगळी रबरं फुगतात. झाकणावर जे लिहिलंय तेच.

७) रोज किल्ली ऑन केल्यावर दोन सेकंद थांबा. सगळे दिवे लागले पाहिजेत, आणि गाडी सुरू होऊन हँडब्रेक खाली गेल्यावर सगळे विझले पाहिजेत. जो विझत नाही तो बिघाड सांगतोय. जो लागतच नाही तो जास्त धोकादायक, कारण त्याला सांगायचं असलं तरी सांगता येणार नाही.

*

पुण्याला परत आल्यावर पहिल्या सोमवारी लॅपटॉप उघडला. आमच्या टीमचा एक जुना सर्व्हर आहे, रात्री-अपरात्री त्याचा अलर्ट यायचा. डिस्क भरत आलीय वगैरे. दर वेळी बघावं तर आपोआप गेलेला असायचा. मार्चमध्ये कधीतरी मी मेलबॉक्समध्ये एक फिल्टर लावला होता, त्या सर्व्हरचे सगळे अलर्ट थेट एका फोल्डरमध्ये. फोल्डरला नावही दिलं होतं, "सेन्सर इश्यू" छापाचंच काहीतरी. त्यात ४१२ न वाचलेले मेल होते.

बाबांवर घाटात जो आवाज चढवला होता तो आठवला. त्यांनी निदान देवाचं स्टिकर लावलं होतं, मी तर तेही नाही. फिल्टर काढला, आणि ते मेल वाचत बसलो. तीन दिवस लागले. लॉग फाइल वाढत होत्या आणि साफ करणारा जॉब कधीचाच बंद पडला होता. म्हणजे गळतीच.

निघायच्या दिवशी (या वेळी एसटीने, बाबांनी पहिल्यांदा ऐकलं) मी गाडीत बघितलं. चिंतामणीचं स्टिकर आता डॅशबोर्डच्या मधोमध आहे, कुठल्याच दिव्यासमोर नाही. आईने त्याच्यासमोर झेंडूचं एक फूल ठेवलं होतं.

आणि आता दर रविवारी सकाळी बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ येतो, दहा सेकंदांचा. मीटरवर किल्ली ऑन होते, सगळे दिवे लागतात, गाडी सुरू होते, हँडब्रेक खाली जातो, सगळे दिवे विझतात. खाली मेसेज, "सर्व ठीक."

मागच्या रविवारी मी उत्तर पाठवलं, "आणि डोळ्यांचं काय? समोरच्यांच्या लाईटचं?"

दोन निळ्या टिका आल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "तू पुढच्या वेळी आलास की जाऊ डॉक्टरकडे."

तिकीट काढलंय.